आबासाहेबांचा दरवाजा

आमच्या शाळेच्या ऑफिसात आबासाहेब दळवींचा फोटो लागला त्याला आता वर्ष होईल. पांढरा सफारी, कपाळाला बारीक गंध, ओठांवर ते नेहमीचं हसू आणि वर चंदनाचा हार. मस्टरवर सही करताना तो बरोबर माझ्या डोळ्यांसमोर येतो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं मला घरी शिकवलंय. मी ते पाळलंही असतं. पण शाळेच्या स्मरणिकेसाठी आमच्या मुख्याध्यापकांनी, मोकाशी सरांनी, माझ्याकडे ‘दिलदार दाते आबासाहेब’ या विषयावर दोन पानं मागितली आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. सरांना म्हटलं, मला जमणार नाही. जे जमतं ते इथे लिहिते.

आबासाहेब आमच्या शाळेचे ट्रस्टी होते. शाळा मराठी माध्यमाची, लहरीपुऱ्याच्या बाजूची. बडोद्यातल्या मराठी माणसाला मराठी शाळेचा केवढा अभिमान आहे ते विचारू नका. तो तासभर सांगेल आणि मग नातवाला आणायला इंग्रजी शाळेत जाईल. आबासाहेबही त्यातलेच. दळवी घराणं संस्थानच्या काळात कारभारात होतं, हे ते ओळख होताच सांगत. जुन्या शहरातल्या घडियाळी पोळेतलं घर सोडून अलकापुरीत बंगला बांधला, तरी स्वतःला “आम्ही पोळेतले” म्हणवून घेत. बंगल्यावर सत्यनारायण झाला की आम्हा सगळ्या शिक्षकांना आमंत्रण असायचं. प्रसादाच्या वाट्या चांदीच्या असायच्या.

आणि शाळेच्या दरवाजासमोर, रस्त्याच्या पलीकडे, त्यांचा गल्ला होता. पानतंबाखूच्या दुकानाला इथे गल्लाच म्हणतात. त्यांचा मात्र चार पत्र्यांचा नव्हता. पक्कं दुकान, दगडी फळी, मागे खोली, आणि आजूबाजूच्या टपऱ्यांना माल इथूनच जायचा. वर पाटी होती, ‘सरस्वती स्टोअर’. सरस्वती हे त्यांच्या आईचं नाव. समोर शाळा, इकडे सरस्वती. पाहुण्यांना ती पाटी पुस्तकांच्या दुकानाची वाटायची, आणि मग त्याखाली टांगलेल्या पडीक्यांच्या, म्हणजे पुड्यांच्या, माळा दिसायच्या. पानमसाल्याची पडीकी वेगळी, तंबाखूची वेगळी. दोन्ही एकाच पुडीत भरून विकायला बंदी आहे, म्हणून गिऱ्हाईक ती तळहातावर एकत्र करतं. आबासाहेबांच्या भाषेत हेही नियमात बसत होतं.

त्यांच्या तोंडून ‘तंबाखू’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. ते म्हणायचे ‘माल’. स्वतः कसलंही व्यसन नाही. खिशात बडीशेपेची चांदीची डबी, दर थोड्या वेळानं दोन दाणे तोंडात. दुकानात कधी बसायचे नाहीत. फळीवर भीखाभाई नावाचा नोकर असायचा आणि आबासाहेब संध्याकाळी मोटारीतून उतरून बाहेर खुर्ची टाकून बसायचे, दुकानाकडे पाठ करून आणि शाळेकडे तोंड करून. आम्ही घरी निघालो की उठून नमस्कार. “ताई, मजेत नी? पोरं त्रास देतात का? फार मोठं काम आहे तुमचं.” एकदा त्याच खुर्चीतून त्यांनी मला व्यसनाचे दुष्परिणाम सांगितले. त्यांच्या डोक्यामागे भीखाभाई प्लॅस्टिकच्या तुकड्यात सुपारी, चुना आणि तंबाखू घालून मावा चोळत होता. तो चोळण्याचा आवाज सबंध उपदेशभर चालू होता.

आणखी एक सवय सांगायला हवी. कुणाच्या हातावर खाऊ ठेवणं त्यांना आवडत नसे. शाळेत बक्षीस समारंभ असला की पेढे त्यांचे, आणि प्रत्येक मुलाच्या तोंडात पेढा घालणार तेही स्वतःच. “आ कर, बाळ.” अख्खा पेढा, एका दमात. गाल फुगलेलं ते मूल बघून सगळे हसायचे, फोटो निघायचा आणि आबासाहेब रुमालानं बोटं पुसायचे. मुलांच्या आई-वडिलांना हे फार आवडायचं. इतका मोठा माणूस आपल्या पोराला स्वतःच्या हातानं भरवतो म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

तर एके दिवशी हे आबासाहेब स्टाफरूममध्ये अर्ज घेऊन आले. आमच्या रस्त्यावर आणखी दोन गल्ले उघडणार असल्याची कुणकुण होती. अर्जात लिहिलं होतं की शाळेच्या परिसरात तंबाखूच्या नव्या दुकानांना परवाने देऊ नयेत, आमची मुलं नासत आहेत. भाषा अशी की दगडाला पाझर फुटावा. मी विचारलं, “आबासाहेब, आणि तुमचं दुकान?”

“माझं जुनं आहे, ताई,” ते शांतपणे म्हणाले. “मी नव्यांबद्दल बोलतोय. कुठेतरी थांबायला पाहिजे की नाही? कायद्याच्या बाजूनं उभं राहिलं की झोप शांत लागते.”

आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. निदान नवी तरी थांबतील, एवढाच विचार होता. मुलांची फेरी निघाली. हातात फलक, डोक्यावर ऊन. आबासाहेब फेरीच्या पुढे चालत होते आणि फेरी संपल्यावर सगळ्यांना गार छास होती, त्यांच्याकडून. फेरी निघाली तेव्हा भीखाभाईनं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि फेरी गेल्यावर वर केलं.

शहराचा नियम आला तेव्हा मोकाशी सरांनी तो स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवला. आबासाहेब समोर बसले होते, शाल-नारळ तयार होता. शहराच्या या भागात तंबाखूच्या दुकानांना नवे परवाने बंद. टाळ्या झाल्या. सर पुढे वाचू लागले. जुन्या दुकानांचे परवानेही फेरनोंदणीच्या वेळी तपासले जातील. शाळेच्या दरवाजापासून रस्त्यानं ठरलेल्या अंतराच्या आत असतील तर रद्द होतील, आणि एकदा रद्द झालेला परवाना पुन्हा मिळणार नाही.

यावेळी टाळ्या फक्त मी वाजवल्या. आबासाहेबांचं दुकान आमच्या दरवाजासमोर होतं. अंतर म्हणजे रस्त्याची रुंदी. त्यांचं बडीशेप चावणं थांबलं. मग ते म्हणाले, “चांगलं आहे. कडक पाहिजेच.” शाल घेतली, नारळ घेतला आणि निघाले.  मला त्या दिवशी इतका आनंद झाला होता की घरी जाताना मी सेव-उसळ बांधून घेतली.

त्यानंतरच्या ट्रस्टच्या बैठकीत मी शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून बसले होते. आबासाहेब उठले ते थेट रस्त्यावरच्या रहदारीवर आले. मागच्या आठवड्यात पाचवीतल्या एका मुलीला पुढच्या दरवाजाशी स्कूटरचा धक्का लागला होता. गुडघा खरचटला होता, बाकी काही नाही. आबासाहेबांचा आवाज ते सांगताना कापत होता. “उद्या काही झालं तर आपण त्या आईला काय तोंड दाखवणार? पुढचा दरवाजा बंद करू या. मागच्या गल्लीत नवा काढू. कमान, लोखंडी फाटक, फरशी, सगळा खर्च माझा. आईच्या नावानं.”

मागची गल्ली कुणी पाहिली नव्हती असं नाही. अरुंद, कडेनं उघडं गटार, कोपऱ्यावर कचऱ्याचा डबा आणि त्याच्याभोवती गायी. पण दाता उभा राहिला की आम्हा मराठी संस्थावाल्यांचं डोकं चालायचं बंद होतं. हात आपोआप जोडले जातात. मोकाशी सरांनी तर त्याच बैठकीत मानपत्राचा मसुदा तोंडी सांगितला. मी म्हटलं, गल्लीत सकाळी पालकांच्या स्कूटरी कशा मावतील? सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “बाई, ते देतायत. आपण नाक मुरडायचं का?”

कमान झाली. ‘कै. सरस्वतीबाई दळवी प्रवेशद्वार’. एका बिचाऱ्या माउलीचं नाव आता शाळेच्या कमानीवरही होतं आणि पडीक्यांच्या माळांवरही. पुढच्या दरवाजाला कुलूप लागलं. मुलं गटाराच्या कडेनं शाळेत येऊ लागली.

मग मापणी झाली. वॉर्ड ऑफिसचे दोघे जण टेप घेऊन आले, आणि टेपचं टोक धरायला आबासाहेब स्वतः कमानीपाशी उभे. “घट्ट पकडा, साहेब. आपल्याकडून खोटं नको.” टेप पुरेना, म्हणून जिथे संपेल तिथे खूण करावी लागत होती. मी शाळेच्या पायऱ्यांवर उभी होते. आबासाहेब मला म्हणाले, “ताई, एक खडू द्या नी.” मी दिला. त्या पांढऱ्या कपड्यांत, त्या वयात, ते रस्त्यावर वाकून खुणा करत गेले. कमानीपासून गल्लीभर, गल्लीच्या तोंडाशी वळून मोठ्या रस्त्यावर, शाळेच्या सबंध भिंतीला वळसा घालून आपल्या दुकानापर्यंत. अंतर भरलं. भरून वर उरलं. त्या दोघांनी नियमात होतं तेच लिहून घेतलं. त्यांना दुसरं काय करता आलं असतं? आबासाहेब परत आले आणि उरलेला खडू माझ्या हातात दिला. “शाळेची वस्तू आहे. परत घ्या.”

दरवाजा हलवून आणखी काय साधलं ते मला तेव्हा उमगलं नव्हतं. ते जिवाभाईमुळे उमगलं. जिवाभाई म्हणजे गल्लीच्या तोंडाशी बसणारा म्हातारा गल्लेवाला. पूर्वी त्याची टपरी शाळेच्या दरवाजापासून पार लांब होती, नियमाच्या कितीतरी बाहेर. पोर गेलं तर तो हाकलायचा: “जा, पप्पाने मोकल.” बापाला पाठव, म्हणजे. आमच्या मुलांना त्याच्या शिव्या पाठ होत्या. त्याचा परवाना गेला, आणि त्याच्या शेजारच्या टपरीचाही. म्हातारा काठी टेकत शाळेत आला, माझ्या वर्गाच्या दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, “बेन, हुं तो त्यांनो त्यां ज छुं. दरवाजो चालीने मारी पासे आव्यो. एमां मारो शो वांक?”

मी तर होतो तिथेच आहे, दरवाजा चालत माझ्याकडे आला, त्यात माझा काय दोष. मला तोंडात मारल्यासारखं झालं. एक फाटक हलवून आबासाहेबांनी आपलं दुकान वाचवलं होतं आणि आजूबाजूची दोन्ही बंद पाडली होती. नवं कुणी उघडणार नव्हतं. ती सोय आमच्या सह्यांनी आणि मुलांच्या फेरीनं केली होती. त्या रस्त्यावर आता एकच गल्ला उरला. माझ्या वर्गाच्या खिडकीतून तो दिसतो. संध्याकाळी तिथे पूर्वी नव्हती एवढी गर्दी होऊ लागली.

त्या गर्दीत आमचा कुणाल होता. आठवीतला मुलगा, आवाज असा की मैदानाच्या टोकाला बसलेल्याला शब्द न् शब्द कळावा. पाठांतराचं बक्षीस लागोपाठ त्याचंच. त्या वर्षी सराव घेताना मी म्हटलं, “अरे, तोंड उघडून म्हण.” तो म्हणाला, “उघडलंय, बाई.” मला वाटलं, चेष्टा करतोय. जवळ जाऊन पाहिलं तर दोन बोटं मावणार नाहीत एवढंच उघडत होतं. दवाखान्यात मीच घेऊन गेले. त्याची आई शिवणकामाला जाते, तिला सुट्टी नाही. डॉक्टरांनी सांगितलं, सुपारी-मसाल्यानं गाल आतून कडक झालेत. सोडलं तर आहे तिथे थांबेल कदाचित. सोडलं नाही तर काय होतं ते त्यांनी मुलाला बाहेर बसवून सांगितलं.

“कोण देतं तुला?” मी विचारलं.

“भीखाकाका. ‘पप्पांसाठी’ म्हटलं की देतात.”

इथली ती रीतच आहे. बाप पोराला पाठवतो, दुकानदार देतो, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पण कुणालचे वडील तो सहावीत असतानाच गेले होते. मी तशीच रस्ता ओलांडून खुर्चीपाशी गेले आणि आबासाहेबांना हे सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, “पप्पांसाठी म्हणून देता. त्याला पप्पा नाहीत, आबासाहेब.”

त्यांनी बडीशेपेची डबी उघडली, माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही. “अरेरे,” ते म्हणाले. “पण भीखाभाईला हे कसं कळणार, ताई? बोर्ड लावलाय बघा, लहान मुलांना माल मिळणार नाही. दवाखान्याचा खर्च मी करतो, तुम्ही फिकर करू नका.”

“मला खर्च नको. दुकान हलवा.”

“शाळेच्या दारात कुठे आहे आता माझं दुकान?” हसू जरासुद्धा कमी झालं नाही. “रीतसर मोजलंय. तुमच्याच खडूनं.”

त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला. इतकं गोड बोलणारा इतका निर्दय माणूस मी दुसरा पाहिला नाही. मोकाशी सरांना सांगितलं तर ते म्हणाले, “पुरावा काय? आणि छपराचं काम त्यांच्याच देणगीतून व्हायचंय.” वॉर्ड ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, नियम दरवाजापासून मोजायचा आहे, शाळेनं पुढचा दरवाजा पुन्हा वापरात आणला तर आम्ही उद्या येऊन मोजतो. म्हणजे एक कुलूप काढण्याचा प्रश्न होता. ट्रस्टच्या पुढच्या बैठकीत मी तो विषय मांडला. सगळ्यांनी आबासाहेबांकडे पाहिलं. आबासाहेब म्हणाले, “पोरांचा जीव महत्त्वाचा, ताई.” विषय तिथेच संपला. त्या मापणीनंतर दुकानाचा परवाना मात्र आणखी काही वर्षांसाठी पक्का झाला होता.

त्या हिवाळ्यातल्या बक्षीस समारंभात मी आबासाहेबांना शेवटचं पाहिलं. दुपारची वेळ, मैदानात मांडव, स्टेजवर पेढ्यांचं ताट. कुणाल पाठांतरात नव्हताच. त्याला चित्रकलेत दुसरा नंबर मिळाला होता. त्याचं नाव पुकारलं तेव्हा माझी नजर त्या ताटाकडे गेली. पेढ्याचं माझ्या लक्षात आधी यायला हवं होतं, पण ती सवय सगळ्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती.

“आ कर, बाळ.”

कुणालनं आ केला. त्याला जेवढा करता येत होता तेवढा. आबासाहेबांनी पेढा पुढे नेला, तो दातांना टेकला आणि तिथेच राहिला. “अजून. मोठा आ.” मुलाचे डोळे ताणले गेले, मानेच्या शिरा दिसू लागल्या. पेढा आत जाईना. मांडवात लोक हसायला लागले. आबासाहेबांनी तो दाबला, मग थांबले. मी अगदी जवळ, स्टेजच्या पायरीवर होते. त्यांनी त्या तोंडाकडे नीट पाहिलं. त्या दिवशी खुर्चीपाशी मी काय सांगितलं होतं ते त्यांना आठवलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. हसू गेलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना हसू नसलेलं पाहत होते, आणि तो चेहरा साध्या म्हाताऱ्या माणसाचा होता. त्यांनी पेढ्याचा कण मोडून मुलाच्या ओठांत ठेवला. मग माइककडे वळून म्हणाले, “लाजतोय.”

सगळे आणखी हसले. कुणाल बक्षीस छातीशी धरून खाली उतरला आणि माझ्या अंगावरून, माझ्याकडे न बघता गेला.

पुढच्या मुलांना आबासाहेबांनी पेढे दिले नाहीत. तब्येत बरी नाही म्हणाले आणि उठले. मला, खरं सांगते, आशा वाटली. मोकाशी सर त्यांना कमानीकडे न्यायला धावले, तर ते म्हणाले, “नको. गुडघे दुखतात. गल्लीतून फार लांब पडतं.” आणि त्यांनी सफारीच्या खिशातून किल्ली काढली. पुढच्या दरवाजाची. ती त्यांच्याकडे असते हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. ते मैदान ओलांडून गेले, स्वतःच्या हातानं कुलूप काढलं, बाहेर पडले आणि फाटकाच्या गजांतून हात घालून ते पुन्हा लावलं.

मी गजांपाशी जाऊन उभी राहिले. आबासाहेब रस्ता ओलांडून दुकानापाशी पोचले होते. आज ते खुर्चीवर बसले नाहीत. भीखाभाईनं तांब्या दिला, त्यांनी हात धुतले, रुमालानं एकेक बोट पुसलं. मग ते फळीला टेकून, दुकानाकडे तोंड करून, बराच वेळ त्या माळांकडे बघत उभे होते. मी वाट बघत होते. आता बोलतील, आता भीखाभाईला काहीतरी सांगतील. तेवढ्यात गणवेशातली दोन मुलं आली. समारंभातून सटकलेली, सातवीतली असतील. त्यांना आबासाहेबांमुळे पुढे होता येईना. ती मागेच घुटमळली.

आबासाहेबांनी त्यांना पाहिलं आणि जागा व्हावी म्हणून जरा बाजूला सरकले.